पैदाशीच्या घोड्याची जुनी जाहिरात कशी वाचावी : न्यूझीलंडच्या अ‍ॅशबर्टन काउंटीचे उदाहरण

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, रकाया आणि रंगिटाटा या दोन नद्यांच्या दरम्यान, कँटरबरीच्या सपाट मैदानाचा एक सलग पट्टा आहे. वसाहतीच्या काळात तो अ‍ॅशबर्टन काउंटी म्हणून ओळखला जाई. नाय ताहू या माओरी समूहाकडून १८४८ च्या केम्प करारान्वये २,००० पौंडांत घेतलेल्या अफाट मुलुखाचा हा एक भाग. आधी येथे मेंढ्यांची कुरणे झाली. १८७० नंतरच्या दशकात रेल्वे आली आणि गव्हाची शेते पसरू लागली. आपल्याकडे नांगरापासून गाडीपर्यंतची जी कामे बैलांनी केली, ती तेथे वजनदार घोड्यांनी केली. त्यामुळे चांगल्या घोड्याचे बीज आपल्या घोडीला मिळणे हा तिथल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने शेतीच्या भांडवलाचाच प्रश्न होता.

या गरजेतून वर्तमानपत्रांत एक ठरावीक प्रकारची जाहिरात येऊ लागली. १८७९ मध्ये सुरू झालेल्या ‘अ‍ॅशबर्टन गार्डियन’चे किंवा ख्राइस्टचर्चच्या ‘द प्रेस’चे वसंतातले अंक उघडले, तर बारीक अक्षरांत, वर घोड्याचे छोटे चित्र देऊन छापलेल्या अशा जाहिराती भेटतात. वसाहतींच्या शेतीचा अभ्यास करणारे पुष्कळ लोक त्यांच्याकडे गंमत म्हणून पाहतात आणि पुढे जातात, हे मला योग्य वाटत नाही. अशी एकेक जाहिरात म्हणजे वेळापत्रक, दरपत्रक, करार आणि वंशावळ यांचा एकत्र दस्तऐवज असतो. तो वाचण्याची एक रीत आहे. प्रथम हंगाम, मग मार्ग, मग शर्ती, त्यानंतर वंशावळ आणि अगदी शेवटी विशेषणे, या क्रमाने वाचले, तर जाहिरातदाराला सांगायचे होते त्याहून बरेच अधिक हाती लागते.

शोध कोठे आणि केव्हा घ्यावा

न्यूझीलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ‘पेपर्स पास्ट’ या नावाने जुनी वर्तमानपत्रे इंटरनेटवर विनामूल्य ठेवली आहेत. तेथे शोध घेताना पहिली चूक महिन्यांची होते. दक्षिण गोलार्धात वसंत सप्टेंबरमध्ये सुरू होतो. दिवस मोठे होऊ लागले की घोड्या माजावर येऊ लागतात, म्हणून ऑगस्टच्या उत्तरार्धापासून डिसेंबरपर्यंतचे अंक चाळावेत. उत्तर गोलार्धाच्या सवयीने मार्च-एप्रिल पाहिले, तर हाती फारसे काही येणार नाही आणि त्या गावात घोडेच नव्हते असा चुकीचा समज होईल.

दुसरी चूक शब्दाची. ‘स्टॅलियन’ हा शब्द शोधला, तरी अनेक जाहिराती निसटतात, कारण शेतकरी वर्गात खच्ची न केलेल्या घोड्याला ‘एन्टायर’ किंवा ‘एन्टायर हॉर्स’ म्हणण्याची रीत होती. ‘टू स्टँड धिस सीझन’ (या हंगामात उभा राहील), ‘विल ट्रॅव्हल’ (फिरेल) आणि ‘ग्रूमेज’ (मोतद्दारी, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्या मोतद्दारासाठीची रक्कम) हे शब्दप्रयोग शोधात घालून पाहावेत. या जुन्या पानांचा मजकूर यंत्राने वाचून घेतलेला असतो. जाहिरातींची अक्षरे बारीक आणि छपाईच्या झिजलेल्या खिळ्यांची असल्याने यंत्राच्या वाचनात चुका होतात. म्हणून शोधात सापडलेल्या ओळींवर विसंबून न राहता दर वेळी पानाचे मूळ चित्र उघडावे. विशेषतः पौंड-शिलिंगांचे आकडे डोळ्यांनी तपासल्याशिवाय टिपून घेऊ नयेत.

घोड्याच्या चित्राबद्दलही सावध राहावे. छापखान्यात घोड्याचा एखादा ठोकळा तयार असे आणि तोच निरनिराळ्या जाहिरातींवर वापरला जाई. चित्रावरून घोड्याची ठेवण ठरवणे व्यर्थ आहे.

एकच जाहिरात सापडली म्हणून थांबू नये, तर तिचे पुढचे आठवडेही पाहावेत. मजकूर सहसा तसाच राहतो; पण मधेच दर उतरला, मार्गातून एखादे गाव गळले किंवा जाहिरात अचानक बंद झाली, तर त्या बदलाची तारीख मूळ मजकुराइतकीच मोलाची असते.

नमुना

पुढील विवेचनासाठी एक नमुना देतो. तो मी त्या काळच्या नेहमीच्या शब्दप्रयोगांवरून जुळवला आहे. त्यातील घोडा, मार्ग आणि दर कोणत्याही एका खऱ्या जाहिरातीतले नाहीत.

“या हंगामात उभा राहील आणि अ‍ॅशबर्टन, टिनवाल्ड, हिंड्स, चर्टसी व रकाया या भागांत फिरेल : शुद्ध क्लाइड्सडेल जातीचा, आयात केलेला एन्टायर घोडा. वय येते पाच, उंची १६.२, हाड उत्तम, स्वभाव शांत, खात्रीने शिंगरे देणारा. सोमवारी टिनवाल्डमार्गे हिंड्स येथे मुक्काम, मंगळवारी व बुधवारी अ‍ॅशबर्टन, गुरुवारी चर्टसी, शुक्रवारी रकाया, शनिवारी घरी परत. शर्ती : एका घोडीस ३ पौंड ३ शिलिंग, दोन किंवा अधिक घोड्या असल्यास ठरेल त्याप्रमाणे. मोतद्दारी ५ शिलिंग, पहिल्या भेटीस रोख. बाकी १ फेब्रुवारीस देय. शिंगराच्या हमीसह ४ पौंड १० शिलिंग. कुरणाची सोय आहे. सर्व काळजी घेतली जाईल, परंतु जबाबदारी घेतली जाणार नाही. विकलेल्या किंवा बदललेल्या घोड्या गाभण समजून पूर्ण आकार घेतला जाईल.”

मार्ग : सात दिवसांचे चक्र

‘उभा राहील’ आणि ‘फिरेल’ हे दोन शब्द वेगळे आहेत. उभा राहणारा घोडा मालकाच्या तबेल्यातच असे आणि घोड्या त्याच्याकडे आणाव्या लागत. शर्यतीच्या जातिवंत घोड्यांची बहुधा हीच रीत होती. फिरणारा घोडा मात्र मोतद्दाराबरोबर गावोगाव जाई, वाटेतल्या हॉटेलांच्या किंवा मोठ्या शेतांच्या तबेल्यांत मुक्काम करी, आणि शेतकरी आपली घोडी जवळच्या मुक्कामावर घेऊन येई. नांगरणीच्या ऐन दिवसांत घोडी दूर पाठवणे परवडत नसल्याने ओढकामाच्या जातींत फिरता घोडाच सोयीचा ठरे. घोडा का अडला, भाकरी का करपली, पान का सडले, या तिन्ही प्रश्नांचे आपल्याकडे ठरलेले उत्तर ‘न फिरवल्यामुळे’ असे आहे. पैदाशीच्या घोड्यालाही ते लागू पडे : तबेल्यात बांधून पोसलेल्या, अंगावर चरबी चढलेल्या घोड्यापेक्षा रोज काही कोस चाललेला घोडा हंगामभर तरतरीत राही.

मार्ग नकाशावर मांडून पाहावा. अ‍ॅशबर्टन ते रकाया हे अंतर साधारण २८ किलोमीटर आहे, म्हणजे चालत्या घोड्याला वाटेतल्या थांब्यांसह एक दिवसाची मजल. नमुन्यातील मार्ग रेल्वेच्या रुळांच्या कडेने जातो, हेही लक्षात येईल. मुक्कामांची गावे रेल्वेची स्थानके असली, तर लोकांची ये-जा आणि बाजार त्याच रेषेवर होता असे समजायला हरकत नाही. त्याउलट एखादा मार्ग मेथवेनकडे डोंगरांच्या दिशेने वळत असेल, तर तो मालक वेगळ्या गिऱ्हाइकाच्या शोधात आहे. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी घोडा मोठ्या गावात येतो का, हे त्याच अंकातील बाजाराच्या बातम्यांशी पडताळावे.

मार्ग एका आठवड्याचाच का, हा प्रश्न बहुतेक वाचक विचारत नाहीत आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. घोडीचे माजाचे चक्र सुमारे २१ दिवसांचे असते आणि त्यात ती साधारण ५ ते ७ दिवस माजावर असते. घोडा दर सात दिवसांनी त्याच मुक्कामावर येत असेल, तर कोणतीही घोडी माजावर असताना त्याच्यासमोर येण्याची शक्यता भरपूर राहते. आणि एकदा संयोग झाला की तिसऱ्या फेरीला, म्हणजे बरोबर २१ दिवसांनी, तीच घोडी पुन्हा दाखवून ती उलटली, म्हणजे पुन्हा माजावर आली, की नाही हे पाहता येते. तिने घोड्याला नकार दिला, तर ती बहुधा गाभण. स्वीकार केला, तर पुन्हा संयोग. रक्त तपासण्याची किंवा गर्भ पाहण्याची कोणतीही साधने नसताना हे आठवड्याचे वेळापत्रक हीच तपासणीची व्यवस्था होती. विल्यानंतर साधारण ७ ते १२ दिवसांत घोडी पहिल्यांदा माजावर येते. ती वेळही अशा फेरीत सहसा सापडे. म्हणून एखाद्या जाहिरातीत फेरी पंधरवड्याची दिसली, तर तो मालक फार मोठा मुलूख एका घोड्यावर सांभाळू पाहत होता असा निष्कर्ष काढता येतो, आणि अशा घोड्याच्या शिंगरांची संख्या कमी पडण्याचा धोकाही ओळखता येतो.

गर्भकाळ सुमारे अकरा महिन्यांचा. नोव्हेंबरच्या मध्यावर भरलेली घोडी पुढच्या ऑक्टोबरच्या मध्यावर विणार, हा हिशेब करून एखाद्या शिंगराचा बाप शोधताना नेमक्या कोणत्या महिन्यातले अंक पाहायचे ते ठरवावे.

शर्ती : आकडे काय बोलतात

त्या काळचे चलन असे : १ पौंड म्हणजे २० शिलिंग आणि १ शिलिंग म्हणजे १२ पेन्स. ३ पौंड ३ शिलिंग हा विचित्र वाटणारा आकडा म्हणजे ३ गिनी. एक गिनी २१ शिलिंगांची. ही रक्कम मोठी की लहान, हे आजच्या रुपयांत रूपांतर करून कळत नाही. त्याच पानावर नांगऱ्याची मजुरी, गव्हाचा भाव आणि लिलावात विकलेल्या कामाच्या घोड्यांच्या किमती छापलेल्या असतात. त्यांच्याशी तुलना करावी.

मोतद्दारी ही वेगळी रक्कम का, तेही समजून घ्यावे. ती पहिल्या भेटीलाच रोख घेतली जाई. मुक्कामाचा, दाण्या-चाऱ्याचा आणि मोतद्दाराचा रोजचा खर्च हंगाम चालू असतानाच होत असे, तर मुख्य आकार हंगाम संपल्यावर येई. म्हणजे घोड्याचा मालक शेतकऱ्याला काही महिन्यांची उधारी देत होता. १ जानेवारी किंवा १ फेब्रुवारी अशी तारीख दिसली, की ती कापणीच्या सुमाराची आहे हे ध्यानात घ्यावे. कँटरबरीत गहू जानेवारी-फेब्रुवारीत कापला जातो. पैसा हातात येण्याच्या बेतानेच ही तारीख धरली जात असावी, असे मला वाटते.

आता हमीचा दर. नमुन्यात साधा दर ३ पौंड ३ शिलिंग, म्हणजे ६३ शिलिंग आहे; घोडी गाभण राहो वा न राहो, तो द्यायचाच. हमीचा दर ४ पौंड १० शिलिंग, म्हणजे ९० शिलिंग आहे. तो शिंगरू झाले तरच द्यायचा. ६३ ला ९० ने भागले की ०.७ येते. याचा अर्थ असा, की शिंगरू होण्याची शक्यता शंभरात सत्तरहून कमी वाटत असेल, तर शेतकऱ्याने हमीचा करार करावा. सत्तरहून अधिक वाटत असेल, तर साधा. मागच्या वर्षी रिकामी राहिलेल्या किंवा वयस्क घोडीसाठी हमी, आणि दर वर्षी विणाऱ्या तरुण घोडीसाठी साधा दर, असा व्यवहारी निवाडा यातून निघतो.

हाच भागाकार आपण आज मालकाला मोजण्यासाठी वापरू शकतो. ‘खात्रीने शिंगरे देणारा’ हे विशेषण बहुतेक प्रत्येक घोड्याला लावलेले असते, त्यामुळे त्यावरून दोन घोड्यांत भेद करता येत नाही. दोन दरांतले अंतर मात्र घोड्यागणिक बदलते. हमीचा दर साध्या दरापेक्षा थोडाच जास्त असेल, तर मालकाचा आपल्या घोड्यावर खरोखर विश्वास आहे. तो दुपटीच्या घरात असेल, तर विशेषणे कितीही असली तरी मालक निम्म्या अपयशाची तजवीज करून बसला आहे. अर्थात या फरकात वर्षभर पैसे थांबण्याची किंमतही मिसळलेली असते, म्हणून एकाच हंगामातल्या आणि एकाच भागातल्या घोड्यांची तुलना करावी. आठ-दहा जाहिरातींचे हे गुणोत्तर एका वहीत मांडले, की कोणता मालक बोलल्याप्रमाणे दर लावत होता ते स्वच्छ दिसते. हमीच्या शर्तीत शिंगरू जिवंत जन्मले पाहिजे की घोडी गाभण राहिली एवढे पुरे आहे, हे शब्द काळजीपूर्वक वाचावेत; सगळा करार त्यावर फिरतो.

विकलेली किंवा बदललेली घोडी गाभण समजली जाईल, ही शर्त वरकरणी जाचक वाटते. पण घोडी दुसऱ्या गावी गेली की ती व्याली की नाही हे घोड्याच्या मालकाला कळण्याचा मार्ग उरत नसे. तो धोका त्याने घोडीच्या मालकावर टाकला, आणि माझ्या मते ते न्याय्यच होते. ‘काळजी घेऊ, जबाबदारी घेणार नाही’ हे वाक्य मात्र घोडीच्या मालकाने दोनदा वाचायला हवे होते : कुरणात सोडलेली घोडी तारेत अडकून जायबंदी झाली, तर भरपाई नाही, असा त्याचा सरळ अर्थ आहे.

उंची, वय, हाड

१६.२ ही दशांश संख्या नाही. घोड्याची उंची चार इंचांच्या ‘हँड’ या मापात खांद्यापाशी मोजतात. म्हणजे १६ हँड आणि २ इंच, एकूण ६६ इंच, सुमारे १६८ सेंटिमीटर. वजन ‘हंड्रेडवेट’मध्ये दिलेले असल्यास एकाचे ११२ रतल, म्हणजे जवळपास ५१ किलो धरावेत. ‘येते पाच’ म्हणजे चार पूर्ण होऊन पाचवे पुरे होत आलेले. लागोपाठच्या वर्षांच्या जाहिरातींत वय नियमाने वाढते का, हे तपासणे सोपे असते. हाडाचा उल्लेख गुडघ्याखालच्या नळीच्या जाडीबद्दल आणि चपटेपणाबद्दल असतो, आणि पायावरच्या लांब रेशमी केसांची स्तुती क्लाइड्सडेलच्या जातिवंतपणाची खूण म्हणून येते.

वंशावळ कशी तपासावी

ओढकामाच्या घोड्यांत क्लाइड्सडेल ही स्कॉटलंडच्या लॅनार्कशायरची जात न्यूझीलंडमध्ये फार मानली गेली. स्कॉटिश वस्ती असलेल्या ओटागो प्रांतात तर ते साहजिकच होते, पण इंग्रजी वळणाच्या कँटरबरीतही तिने जम बसवला. क्लाइड्सडेल हॉर्स सोसायटी १८७७ मध्ये स्थापन झाली आणि तिच्या वंशावळ-नोंदवहीचा पहिला खंड १८७८ मध्ये निघाला. त्या वहीत प्रत्येक घोड्याला क्रमांक आहे, आणि जाहिरातीत नावापुढे कंसात दिलेला आकडा तोच. ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ ६७३ आणि ‘डार्नली’ २२२ हे दोन क्रमांक पाठच करून ठेवावेत. क्लाइड्सडेलच्या वंशावळी वाचताना या दोघांची नावे वारंवार भेटतात. नाव आहे आणि क्रमांक नाही, असे दिसले तर लगेच लबाडीचा संशय घेऊ नये, कारण वसाहतीत जन्मलेले कित्येक चांगले घोडे स्कॉटलंडच्या वहीत नव्हते. पण त्याच नावाचा एखादा कमी प्रसिद्ध घोडा तर नाही ना, हे पाहावे. एकच नाव अनेक घोड्यांना दिले जाई आणि त्यांना वेगळे ओळखण्याचे साधन म्हणजे तो आकडा.

बक्षिसांची यादी वाचताना पेन्सिल हातात घ्यावी. घोड्याने स्वतः मिळवलेली बक्षिसे, त्याच्या बापाची आणि आजाची बक्षिसे, अशी तीन रकान्यांत विभागणी करावी. पुष्कळदा पहिला रकाना रिकामा राहतो. स्थानिक कृषी प्रदर्शनांचे निकाल त्याच वर्तमानपत्रांत छापलेले असल्याने पहिल्या रकान्यातला दावा थेट पडताळता येतो. त्या वर्षी त्या वर्गात किती घोडे उतरले होते, तेही पाहावे, कारण दोनच घोड्यांतला दुसरा क्रमांक हे काही मोठे यश नव्हे. आईच्या बाजूची वंशावळ दिलेली असेल, तर त्या मालकाबद्दल माझे मत चांगले होते, कारण ती बाजू बहुधा गाळली जाई.

शर्यतीच्या घोड्यांची गोष्ट निराळी. त्यांची वंशावळ बारकाईने जपली जाई. पण तेथेही एक उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे. ‘मस्केट’ हा इंग्लंडहून न्यूझीलंडला आणलेला घोडा ऑकलंडजवळ उभा राही आणि १८८५ मध्ये मेला. त्याच वर्षी जन्मलेल्या त्याच्या ‘कार्बाइन’ या शिंगराने १८९० मध्ये मेलबर्न कप ही ऑस्ट्रेलियातली प्रसिद्ध शर्यत जिंकली. म्हणजे या शिंगराने नाव कमावले तेव्हा बापाची जाहिरात निघायची शक्यताच उरली नव्हती. कोणत्याही घोड्याच्या पहिल्या एक-दोन हंगामांतल्या दरावरून त्याचे मोल ठरवू नये, ते याचसाठी.

‘रिमाउंट’ (लष्करासाठी पुरवायचा घोडा) हा शब्द दिसला, तर तो आपल्याही इतिहासाशी जोडलेला आहे. लष्कराच्या स्वारीसाठी लागणारे घोडे भारतात मुख्यतः ऑस्ट्रेलियातून येत. न्यू साउथ वेल्सवरून त्यांना ‘वेलर’ म्हणत आणि मुंबई बंदरातही ते उतरत. हलक्या जातीच्या एखाद्या घोड्याची शिंगरे लष्कराला चालतील असा दावा जाहिरातीत असेल, तर मालकाच्या डोळ्यांसमोर गावाबाहेरचे गिऱ्हाईक होते असे समजावे.

हंगामानंतरचा माग

जाहिरात बंद झाली तरी शोध संपत नाही. पुढच्या दोन वर्षांतल्या शेतमालाच्या आणि जनावरांच्या लिलावांच्या जाहिराती पाहाव्यात. त्यांत ‘स्टिंटेड टू’ या शब्दांपुढे घोड्याचे नाव असेल, तर ती घोडी त्या घोड्याने भरलेली आहे. ‘फोल अ‍ॅट फूट’ असेल, तर शिंगरू तिच्या पायाशी आहे. या नोंदी मोजल्या, की ‘खात्रीने शिंगरे देणारा’ या दाव्याचा अंदाज तरी बांधता येतो. लिलाव करणाऱ्याने घोड्याचे नाव ठळक छापले असेल, तर त्या नावाला गावात किंमत होती. नुसते ‘चांगल्या घोड्याने भरलेली’ असे असेल, तर नव्हती. न्यूझीलंडमधील घोड्यांची संख्या १९११ मध्ये शिखराला पोहोचली, तेव्हा ती चार लाखांहून अधिक होती, त्यामुळे पहिल्या महायुद्धापर्यंतच्या अंकांत हा माग काढण्यास सामग्री विपुल मिळते.

टिपणे ठेवताना एका घोड्याला एक पान द्यावे : वर नाव, क्रमांक आणि मालकाचे गाव; खाली प्रत्येक हंगामाचा साधा दर, हमीचा दर, मोतद्दारी, देय तारीख आणि दिवसवार मुक्काम; आणि शेवटी लिलावांत सापडलेल्या त्याच्या घोड्या व शिंगरे. मालक बदलला की नाव बदललेले असू शकते, म्हणून रंग, पायावरचे पांढरे मोजे आणि कपाळावरची चांदणी यांचीही नोंद पहिल्याच दिवशी करून ठेवावी.